सीमा गाठली जाते काय? : अवकलजाच्या व्याख्येचा इतिहास आणि कलनशास्त्राचे अध्यापन

प्रस्तावना

कलनशास्त्राच्या पहिल्या काही तासिकांत वर्गातून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा : अवकलज काढताना चलाची लहानशी वाढ शून्य नाही असे धरून तिने भागाकार केला जातो आणि भागाकार पूर्ण होताच तीच वाढ शून्य मानून गाळली जाते, एकाच उदाहरणात एकच राशी दोन्ही कशी असू शकेल? दुसरा प्रश्न : बदलती राशी आपल्या सीमेजवळ जाते असे सांगितले जाते, तर ती सीमेला अखेर पोहोचते की नाही? बहुतेक वर्गांत या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळते. सीमेची व्याख्या फळ्यावर लिहिली जाते, एप्सिलॉन व डेल्टा यांची ओळख करून दिली जाते आणि उदाहरणांना प्रारंभ होतो. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, परीक्षेत गुणही मिळवतो. प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो.

असे प्रश्न पूर्वतयारीच्या अभावातून उद्भवतात असा समज अध्यापकवर्गात बराच रूढ आहे. गणिताचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. पहिला प्रश्न जॉर्ज बर्कली या तत्त्ववेत्त्याने इ. स. १७३४ मध्ये ग्रंथरूपाने विचारला. दुसऱ्या प्रश्नावर त्याच दशकात इंग्लंडमधील दोन जाणत्या न्यूटनपंथीयांनी नियतकालिकांतून एकमेकांशी दीर्घ वाद घातला. अमेरिकन इतिहासकार ज्युडिथ ग्रॅबिनर यांनी १९८३ मधील आपल्या लेखात अवकलजाच्या इतिहासाचा क्रम नेमकेपणाने दाखविला आहे : अवकलज प्रथम वापरला गेला, मग त्याचा शोध लागला, मग त्याचा विस्तार झाला आणि सर्वांत शेवटी त्याची व्याख्या झाली. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांचा क्रम याच्या नेमका उलट असतो. महाराष्ट्रातील अकरावीच्या अभ्यासक्रमातही सीमा, सातत्य आणि नंतर विकलन अशीच प्रकरणांची मांडणी आढळते. क्रमाची ही उलटापालट कशी झाली आणि तीत विद्यार्थ्याचा प्रश्न कोठे हरवला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

व्याख्येविना वापर

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा याने १६२९ च्या सुमारास महत्तम व लघुत्तम मूल्ये शोधण्याची एक रीत सिद्ध केली. ती हस्तलिखितरूपाने फिरत राहिली आणि १६३८ मध्ये तीवरून देकार्तशी त्याचा खटकाही उडाला. फर्माचे मूळ उदाहरण आजही वर्गात उपयोगी पडेल इतके साधे आहे. एका रेषाखंडाचे दोन भाग असे करावयाचे की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा यावा. रेषाखंडाची लांबी १० मानली आणि एक भाग क्ष धरला तर गुणाकार क्ष(१० − क्ष) इतका होतो. आता क्ष च्या जागी क्ष + इ लिहावे. महत्तम मूल्याच्या अगदी निकट गुणाकारात फरक जवळजवळ पडत नाही, म्हणून जुना व नवा गुणाकार समान मानावा. समान पदे काढून टाकल्यावर १०इ − २क्षइ − इ×इ एवढे शून्यासमान उरते. सर्वत्र इ ने भागले की १० − २क्ष − इ मिळते. आता इ सोडून दिली की क्ष = ५.

उत्तर बरोबर आहे. पण इ ने भागताना ती शून्य नव्हती आणि सोडताना ती शून्य होती. फर्माने या दोन कृतींचा मेळ घालून दाखविला नाही. दोन्ही बाजू परस्परांच्या 'निकट' मानाव्यात, एवढ्याच आशयाचा एक प्राचीन ग्रीक शब्द त्याने उसना घेतला. रीत फळ देत होती, तेवढे त्या काळी पुरेसे होते.

हाच पेच त्याआधी सुमारे पाचशे वर्षे एका भारतीय ग्रंथकाराच्या लेखणीतून उमटला होता. भास्कराचार्यांनी लीलावतीत शून्याच्या आठ परिकर्मांचे नियम सांगताना एक विलक्षण सूचना केली आहे. एखाद्या संख्येला शून्याने गुणले आणि गणिताचे पुढील टप्पे शिल्लक असतील तर गुणाकार लगेच शून्य लिहू नये. शून्य हा गुणक म्हणून तसाच जपून ठेवावा. पुढे शून्यानेच भागाकार आला तर मूळ संख्या अविकृत राहते. त्यासाठी दिलेले उदाहरण असे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्या गुणाकाराचा अर्धा भाग मिळवला, बेरजेला ३ ने गुणले आणि शून्याने भागले, तेव्हा ६३ आले, ती संख्या कोणती? शून्य जपून ठेवला की संख्येची साडेचार पट ६३ होते आणि उत्तर १४ येते. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, असा शेरा भास्कराचार्यांनी त्यावर मारून ठेवला आहे.

अंकगणिताच्या प्राथमिक ग्रंथात ग्रहगणिताचा हा उल्लेख प्रथमदर्शनी अनाठायी वाटतो. सिद्धांतशिरोमणीकडे वळले की त्याचा काहीसा उलगडा होतो. इ. स. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या त्या ग्रंथात ग्रहाची दैनंदिन स्थूल गती आणि त्या क्षणाची 'तात्कालिक' गती असा भेद केला आहे. चंद्राची गती इतक्या त्वरेने बदलते की तिथीचा अंत वर्तवताना दिवसाची सरासरी गती वापरल्यास चूक होते, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. दोन निकटच्या ज्यांमधील फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे सूत्र त्यासाठी वापरले आहे. मुंजालाच्या दहाव्या शतकातील लघुमानसातही तत्सम संस्कार सापडतो. जेथे ग्रहाचे फल महत्तम असते तेथे गतीचा फरक शून्य होतो, हेही भास्कराचार्यांनी नोंदविले आहे.

या सामग्रीचा अर्थ कसा लावावा याविषयी एकोणिसाव्या शतकातच मतभेद झाले. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले आणि बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेले बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व पूर्णतः अवगत होते असा दावा केला. इंग्रज गणितज्ञ विल्यम स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर टिपण लिहून हा दावा अवाजवी ठरविला. सूत्रांतील साम्य मात्र त्यांनी लक्षणीय मानले. आजच्या वाचकाला दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आढळेल. तात्कालिक गतीची कल्पना आणि तिचे गणन दोन्ही तेथे आहेत. कोणत्याही फलनाला लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत नाही, आणि सीमेची व्याख्या तर नाहीच. व्याख्या नसताना गणन बिनचूक चालते, एवढी गोष्ट मात्र भास्कराचार्य आणि फर्मा हे दोघेही सिद्ध करतात.

१७३४ चा आक्षेप आणि त्यातून उठलेला वाद

न्यूटन व लायब्निझ यांनी सुट्या रीतींचे एका शास्त्रात रूपांतर केले, ही कथा सर्वपरिचित आहे. लायब्निझचा नियमांचा पहिला लेख १६८४ मध्ये आणि न्यूटनचा प्रिन्सिपिया १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे दोनच बाबी लक्षात घेणे इष्ट ठरेल. एक, कलनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक १६९६ मध्ये मार्की द लोपिताल याच्या नावाने निघाले. त्यातील बराचसा भाग योहान बर्नुलीने त्याला मोबदला घेऊन दिलेल्या शिकवणीतून आलेला होता, म्हणजे या शास्त्राचा पहिला ग्रंथच शिकवणीच्या टिपणांवर उभा आहे. अतिसूक्ष्म राशीचाच फरक असलेल्या दोन राशी समान मानाव्यात, असे त्यात आरंभीच गृहीत धरले आहे. त्याचे स्पष्टीकरण दिलेले नाही. दुसरी बाब, न्यूटनला अडचणीची जाणीव होती. लोप पावणाऱ्या राशींचे अंतिम गुणोत्तर म्हणजे त्या लोप पावण्यापूर्वीचे नव्हे व लोप पावल्यानंतरचेही नव्हे, तर ज्यासह त्या लोप पावतात ते, असा खुलासा त्याने प्रिन्सिपियात केला आहे. शब्द गंभीर आहेत, परंतु त्यांनी विद्यार्थ्याचे समाधान होईल असे वाटत नाही.

बर्कलीचे तर झाले नाहीच. 'द ॲनालिस्ट' या १७३४ मधील ग्रंथात त्याने गणितज्ञांवर उलटा वार केला. धर्मातील गूढ तत्त्वांवर आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतःच्या शास्त्रातील गूढे आधी तपासावीत, असा त्याचा रोख होता. वाढ आहे असे गृहीत धरून मिळवलेले फलित, वाढ नाही असे गृहीत धरल्यावर कसे टिकते, हा त्याचा मुख्य आक्षेप. नाहीशा झालेल्या राशींना त्याने मृतांच्या पिशाचांची उपमा दिली ती प्रसिद्धच आहे. त्याहून अभ्यसनीय असा त्याच्या ग्रंथातील भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. कलनाची उत्तरे बरोबर येतात हे बर्कलीला मान्य होते. ती का येतात याचा त्याने विचार केला आणि दोन चुका परस्परांना छेदतात म्हणून उत्तर बरोबर येते, असे त्याने उदाहरणाने दाखविले. वर्गात शेवटच्या बाकावरून शंका काढणारा विद्यार्थी एवढे कष्ट क्वचितच घेतो. पण शंकेचा धागा तोच असतो.

बर्कलीला उत्तर देण्यास जेम्स ज्युरिन पुढे सरसावला. तो वैद्य होता, रॉयल सोसायटीचा काही काळ सचिव होता आणि न्यूटनचा निष्ठावंत अनुयायी होता. १७३५ मध्ये बेंजामिन रॉबिन्स याने स्वतंत्रपणे न्यूटनच्या रीतीचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. दोघेही एकाच पक्षाचे असल्याने येथे प्रकरण मिटायला हवे होते. पण सीमा म्हणजे काय, यावरच या दोघांत जुंपली आणि बर्कली बाजूला राहिला.

रॉबिन्सचे म्हणणे असे : बदलती राशी सीमेच्या हव्या तितक्या जवळ जाऊ शकते, परंतु सीमेला कधीही पोहोचत नाही. वर्तुळात काढलेल्या बहुभुजाकृतीच्या बाजू कितीही वाढविल्या तरी बहुभुजाकृती वर्तुळ होत नाही. तरीही वर्तुळाचे क्षेत्रफळ हीच तिच्या क्षेत्रफळाची सीमा असते. या व्याख्येत भागाकार करताना राशी शून्य आहे की नाही हा पेचच उद्भवत नाही, कारण ती शून्य होण्याची वेळ कधी येतच नाही. ज्युरिनला हे अमान्य होते. न्यूटनच्या मते राशी अखेरीस सीमा गाठतात, असा त्याचा आग्रह होता. सीमा न गाठणे ही अट घातली तर सीमेची संकल्पना विनाकारण आकुंचित होते असे त्याने प्रतिपादन केले. हा वाद नियतकालिकांच्या पानांवर कित्येक महिने चालला. फ्लोरियन कॅजोरी यांनी १९१९ मध्ये ब्रिटनमधील सीमाविषयक कल्पनांचा इतिहास लिहिताना या वादाला मोठी जागा दिली, ती योग्यच होय.

आजच्या दृष्टीने निवाडा करावयाचा तर दोघांच्याही पदरात अर्धाअर्धा विजय टाकावा लागतो. सीमा पूर्णपणे 'जवळ जाण्या'तून ठरते, पोहोचण्याशी तिचा संबंध नाही, ही रॉबिन्सची दृष्टी आधुनिक व्याख्येच्या अधिक निकट आहे. परंतु 'कधीही पोहोचत नाही' ही त्याने घातलेली अट आधुनिक व्याख्येत नाही. ३, ३, ३, … या स्थिर क्रमिकेची सीमा ३ आहे आणि ती पहिल्याच पदाला गाठली जाते. त्या बाबतीत ज्युरिनचा आक्षेप खरा ठरतो. (रॉबिन्स पुढे तोफखान्याच्या गणिताकडे वळला, ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.)

हा वाद संपल्यानंतरही सीमेभोवतीचे कुंपण लगेच निघाले नाही. दिदरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच विश्वकोशाच्या १७६५ मधील नवव्या खंडात 'सीमा' अशी नोंद आहे. बदलती राशी सीमेच्या कोणत्याही दिलेल्या अंतराहून जवळ जाऊ शकते, मात्र सीमा ओलांडू शकत नाही, असे तीत म्हटले आहे. ही दुसरी अट निर्दोष वाटली तरी चुकीची आहे. −१, १/२, −१/३, १/४, … ही क्रमिका आपली सीमा शून्य प्रत्येक पावलाला ओलांडते आणि तरीही शून्याकडेच जाते.

वर्गखोलीतून आलेली व्याख्या

अठराव्या शतकातील श्रेष्ठ गणितज्ञांना व्याख्येवाचून अडले नाही. ऑयलर आणि बर्नुली बंधूंनी ग्रह, तारा, लाटा, जहाजे यांची गणिते सोडविली आणि उत्तरे निरीक्षणांशी जुळली. मग व्याख्येची निकड नेमकी कोणाला वाटली? याचे एक महत्त्वाचे उत्तर शिक्षणसंस्थांच्या इतिहासात सापडते. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलितेक्निक ही संस्था स्थापन झाली. राजदरबारात किंवा अकादमीत आपल्या बरोबरीच्यांसाठी लिहिणारा गणितज्ञ आता शेकडो तरुणांसमोर उभा राहिला आणि त्याला पहिल्या पायरीपासून बोलावे लागले.

लाग्रांजचा १७९७ मधील ग्रंथ याच संस्थेतील व्याख्यानांतून सिद्ध झाला. अतिसूक्ष्म राशी, लोप पावणाऱ्या राशी आणि सीमा या सर्वांना फाटा देऊन कलन केवळ बीजगणितावर उभे करावयाचे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. प्रत्येक फलनाचा घात श्रेढीत विस्तार करता येतो असे मानून त्या श्रेढीतील सहगुणकाला त्याने 'साधित फलन' म्हटले. आजचा अवकलज हा शब्द त्याच परंपरेतील आहे. कल्पना देखणी होती. १८२२ मध्ये कोशीने एक फलन असे दाखविले की ज्याच्या श्रेढीतील सर्व सहगुणक शून्य येतात, पण जे स्वतः शून्य नाही. लाग्रांजची इमारत या एका उदाहरणाने खचली.

ऑग्युस्तँ लुई कोशी याचा 'कूर द'अनालीझ' १८२१ मध्ये आणि त्यापुढील व्याख्यानांचा सारांश १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पाठ्यपुस्तके होती. त्यांत सीमेची व्याख्या अशी येते की एखाद्या चलाची क्रमाने येणारी मूल्ये एका स्थिर मूल्याजवळ सतत जात जात अखेर त्यापासून हवा तितका कमी फरक दाखवू लागली, तर ते स्थिर मूल्य त्यांची सीमा होय. पोहोचावे की पोहोचू नये, ओलांडावे की ओलांडू नये, याविषयी कोशी काहीच बोलत नाही. रॉबिन्स आणि ज्युरिन यांचा वाद त्याने एका अटीच्या अनुपस्थितीने मिटविला. अवकलजाची 'फरकांच्या गुणोत्तराची सीमा' ही व्याख्या १८२३ च्या ग्रंथात आहे आणि एका प्रमेयाच्या सिद्धतेत एप्सिलॉन व डेल्टा ही अक्षरेही तेथे दिसतात.

ज्या वर्गासाठी ही व्याख्या घडली त्या वर्गाची प्रतिक्रिया काय होती? १८२१ च्या एप्रिल महिन्यात कोशीचे व्याख्यान नियत वेळेपलीकडे लांबले तेव्हा विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. संस्थेच्या शिक्षणमंडळाने त्याला वारंवार सूचना दिल्या की अभियंते तयार करावयाचे आहेत, पाया खणण्यात इतका वेळ दवडू नये आणि उपयोजनांकडे वळावे. १८२५ मध्ये तर मंडळाच्या इच्छेला मान देऊन यापुढे सर्वस्वी काटेकोर सिद्धता देण्याचा आग्रह धरणार नाही, असे कोशीने मान्य केल्याची नोंद आहे. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा तगादा आणि विषयाशी प्रामाणिक राहण्याची ओढ यांत सापडलेल्या आजच्या प्राध्यापकाला ही नोंद परकी वाटू नये.

कोशीच्या शब्दांतही एक गाठ उरलीच होती. 'सतत जवळ जाणे' ही गतीची भाषा आहे आणि तिच्यात कोण कोणाच्या आधी निवडले जाते हे स्पष्ट होत नाही. सतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज सततच असते असे प्रमेय कोशीने १८२१ मध्ये मांडले. १८२६ मध्ये आबेलने ज्यांच्या एका श्रेढीवरून त्याला अपवाद असल्याचे दाखविले. हा दोष भाषेचा होता. कार्ल वायरश्ट्रास याच्या १८६१ मधील बर्लिनच्या व्याख्यानांत गती पूर्णपणे नाहीशी झाली आणि केवळ असमता उरल्या : कोणताही एप्सिलॉन दिला असता असा डेल्टा सापडतो की… येथे काहीही हलत नाही, कोणीही कोणाच्या जवळ जात नाही. ही व्याख्या वायरश्ट्रासने पाठ्यपुस्तकात छापली नाही. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांतून ती पसरली.

रिशार्ट डेडेकिंडचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १८५८ मध्ये झुरिक येथील तंत्रशिक्षणसंस्थेत अवकलन शिकविताना, वाढती व मर्यादित राशी कोणत्या तरी सीमेकडे जाते या विधानासाठी आपल्याला आकृतीचा आधार घ्यावा लागतो हे त्याला डाचू लागले आणि त्यातून त्याने वास्तव संख्यांची रचना सिद्ध केली. १८७२ मध्ये ती प्रसिद्ध करताना प्रस्तावनेत त्याने एक कबुली दिली आहे. प्रारंभीच्या अध्यापनात भूमितीय अंतःप्रज्ञेचा आधार अत्यंत उपयुक्त असतो, फार वेळ घालवायचा नसेल तर तो अपरिहार्यही असतो. त्याला शास्त्रीय सिद्धता मात्र म्हणता येणार नाही. ज्याने पाया सर्वांत खोल खणला तोच विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी त्या खड्ड्यात उतरविण्याचा आग्रह धरत नाही, ही गोष्ट नंतरच्या पाठ्यपुस्तककारांनी फारशी मनावर घेतली नाही.

मराठीतील 'शून्यलब्धि'

कलनशास्त्र मराठीत आले ते या सर्व घडामोडी युरोपात अपूर्ण असतानाच. 'दर्पण' हे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापन करीत. १८४६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' या अवकलनावरील पुस्तकाचा समावेश होतो. वायरश्ट्रासची व्याख्या त्या वेळी अद्याप पुढे होती.

या नावाकडे क्षणभर थांबून पाहणे उचित ठरेल. 'लब्धि' हा भागाकारासाठीचा जुना पारिभाषिक शब्द. 'शून्यलब्धि' म्हणजे शून्य होणाऱ्या राशींच्या भागाकारातून जे मिळते ते. बर्कलीने ज्या मुद्द्यावर बोट ठेवले आणि लीलावतीत ज्यासाठी शून्य जपून ठेवावयास सांगितले, तोच मुद्दा या एका शब्दाने विषयाच्या दारावर लावून ठेवला. त्यानंतर रूढ झालेले 'अवकलन' व 'विकलन' हे शब्द निर्दोष आहेत, पण त्यांतून विद्यार्थ्याला कसलाच प्रश्न पडत नाही.

त्याच सुमारास दिल्ली कॉलेजातील अध्यापक रामचंद्र यांनी दुसरा मार्ग चोखाळला. १८५० मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात महत्तम-लघुत्तमाचे प्रश्न कलनाशिवाय, निव्वळ बीजगणिताने सोडविले आहेत. फर्माचे उदाहरण या रीतीने पाहता येते : क्ष(१० − क्ष) हा गुणाकार प मानला तर क्ष चे वर्गसमीकरण मिळते आणि त्याची मुळे वास्तव असण्यासाठी प ला २५ हून मोठे होता येत नाही. म्हणून क्ष = ५. येथे कोणतीही राशी लोप पावत नाही. बीजगणिताकडे असलेला भारतीय कल ओळखून त्या वाटेने विद्यार्थ्यांना या प्रश्नांपर्यंत न्यावे, हा रामचंद्रांचा हेतू होता आणि ऑगस्टस डी मॉर्गन यांनी नेमक्या याच हेतूचे मोल जाणून १८५९ मध्ये हा ग्रंथ लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करविला. बैजिक नसलेल्या फलनांपुढे ही रीत थांबते, हे उघड आहे. तरीही विद्यार्थ्याला आधी काय येते याचा विचार करून रचलेला तो ग्रंथ होता, आणि नंतरच्या काळात इंग्लंडमधून आयात होऊन येथील महाविद्यालयांत स्थिरावलेल्या पुस्तकांविषयी तसे म्हणता येत नाही.

'सीमा' या शब्दाचे ओझे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांच्या कल्पनांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी १९८१ मध्ये 'संकल्पना-व्याख्या' आणि 'संकल्पना-प्रतिमा' असा भेद मांडला. पुस्तकातील व्याख्या पाठ असूनही विद्यार्थी उदाहरण सोडवताना मनातील प्रतिमाच वापरतो. आणि सीमेच्या बाबतीत 'जवळ जाते पण पोहोचत नाही' ही प्रतिमा विशेष चिवट असते. ०.९९९… ही संख्या १ पेक्षा किंचित लहान आहे असे ठामपणे सांगणारे विद्यार्थी याच प्रतिमेचे बळी असतात. पोलिश संशोधिका आना शेर्पिन्स्का यांनी १९८७ मध्ये अशा अडथळ्यांना, बाश्लारची संज्ञा वापरून, ज्ञानशास्त्रीय अडथळे म्हटले : हे अज्ञान नव्हे, तर एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडलेले आणि म्हणूनच सोडवत नसलेले ज्ञान होय. रॉबिन्सची व्याख्या याचे उत्तम ऐतिहासिक उदाहरण ठरते.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या प्रतिमेला भाषेची भर पडते. सीमा म्हणजे गावाची शीव, राज्याची हद्द, सहनशीलतेचा शेवट. ती अडवते. दुसरीकडे दसऱ्याला सीमोल्लंघन होते, तेव्हा सीमा ही ओलांडण्यासाठीच असते. गणितातील सीमा यांपैकी कोणतीच नाही. ती अडवत नाही, आणि ओलांडली गेल्यानेही तिचे सीमापण जात नाही. फ्रेंच विश्वकोशातील नोंदीलाही त्यांच्या भाषेतील याच अर्थच्छटेने चकवले असावे. असे असता 'सीमा' हा शब्द पहिल्या तासिकेत कोणतेही भाष्य न करता फळ्यावर लिहिणे म्हणजे विद्यार्थ्याच्या मनातील शीव आहे तशी ठेवून तिच्यावर व्याख्या रचण्यासारखे आहे.

क्रम बदलण्यासाठी अभ्यासक्रमाच्या मंजुरीची वाट पाहणे आवश्यक नाही. फर्माचे उदाहरण, त्यातील इ चा पेच आणि लीलावतीतील ६३ चे कोडे एवढे एका तासिकेत बसते. दुसऱ्या तासिकेत वर्गाचे दोन गट पाडून एकाला रॉबिन्सची व दुसऱ्याला ज्युरिनची बाजू देता येईल. त्यांच्यापुढे तीन क्रमिका ठेवाव्यात : १, १/२, १/३, १/४, …, ३, ३, ३, …, आणि −१, १/२, −१/३, १/४, …. पहिलीत रॉबिन्सचा गट निश्चिंत असतो, दुसरीत ज्युरिनचा गट उसळतो, आणि तिसरीत विश्वकोशाची अट कोसळते. तिन्हींना सामावून घेणारे वाक्य कोणते, हा प्रश्न त्यानंतर विद्यार्थ्यांनाच लिहावयास द्यावा. त्यांची वाक्ये बहुधा कोशीच्या जवळपास येतात, गतीच्या भाषेसकट. 'हवे तितके जवळ' यातील 'हवे तितके' कोणी ठरवायचे आणि आधी की नंतर, असे विचारले की एप्सिलॉन फळ्यावर येण्याची वेळ झालेली असते.